वरवंट्याचं बारसं

लोकांच्या घरी जायचं आणि त्यांच्याच बाळाला हात लावू नका असं त्यांना सांगायचं, हे माझं काम आहे. हुद्दा जरा लांबलचक आहे, पण अर्थ एवढाच, की दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं काचेच्या पेटीतून निघून घरी गेली की पुढचे काही महिने मी त्यांना भेटायला जाते. वजन करते, दूध कसं ओढतात ते बघते, श्वास बघते, आणि नको म्हणते. मुका नको. धुरी नको. लग्नाला नेणं नको. सर्दी झालेला काका नको, मग तो अमेरिकेहून आलेला का असेना.

स्वभावाने मी नको म्हणणारी मुलगी नाही. इंग्रजी शाळेत मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचे, कारण शेवटच्या बाकावर बाईंचं लक्ष असतं. अनोळखी माणसाशी बोलायचं असलं की मी आधी वाक्य तयार करते. स्कूटरवरून जाताना सिग्नलला थांबले की ते वाक्य मोठ्याने म्हणून बघते. हेल्मेटच्या आत मी फार बोलकी असते. या अंकाच्या संपादकबाई माझ्या एका जुन्या बाळाची आजी आहेत. त्यांनी कामाबद्दल लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मराठीत कधी लिहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, "बोलता तसं लिहा." मी फारसं बोलत नाही हे त्या विसरल्या असाव्यात.

न बोलता काम करण्याची माझी एक पद्धत आहे. कुठल्याही घरात शिरले की मी पहिल्यांदा विचारते, "बेसिन कुठे आहे?" मग घड्याळ काढून पर्समध्ये टाकते, बाह्या वर करते आणि सगळ्यांच्या देखत कोपरापर्यंत हात धुते. बोटांच्या मधे, नखांच्या खाली, मनगटाभोवती. घाई करत नाही. धुऊन झाले की ओले हात वर धरून उभी राहते, वाळेपर्यंत कशालाही लावत नाही. एवढा वेळ घरातली माणसं माझ्याकडे बघत असतात. पहिल्या भेटीत हसतात. दुसऱ्या भेटीत कुणीतरी विचारतं, "एवढं लागतं का हो?" त्यांनी विचारलं की सांगणं सोपं जातं.

आता ज्याच्यासाठी एवढं करायचं त्याच्याबद्दल. आर.एस.व्ही. असं त्या विषाणूचं नाव. नवा नाही, दुर्मीळ तर नाहीच, आपल्या सगळ्यांना तो कधी ना कधी होऊन गेलेला असतो. मोठ्या माणसाला त्याने सर्दी होते, रुमाल भिजतात, माणूस ऑफिसला जातो. लहान बाळात मात्र तो नाकात थांबत नाही. छातीतल्या सगळ्यात बारीक नळ्यांपर्यंत उतरतो, त्या सुजतात आणि चिकट पाण्याने भरतात. बहुतेक बाळं यातून बरी होतात, हेही सांगायला हवं. पण जे बाळ लवकर जन्मलं, ज्याची फुप्फुसं अजून तयार होत होती आणि शेवटच्या महिन्यांत आईकडून मिळणारी प्रतिकारशक्ती ज्याला अर्धीच मिळाली, त्याला ही सर्दी झेपत नाही. विषाणूला मारेल असं त्यावर खास औषध नाही. ऑक्सिजन द्यायचा, नाक मोकळं ठेवायचं, नळीने दूध घालायचं आणि वाट बघायची. हल्ली गरोदरपणात आईला द्यायची लस आणि बाळाला द्यायचं संरक्षक इंजेक्शन निघालं आहे. ज्यांच्या घरी बाळ यायचं आहे त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं. मी जाते त्यांतल्या बहुतेक घरांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही. तिथे साबण पोचतो आणि मी पोचते.

अडचण हंगामाची आहे. पुण्यात ही साथ पावसाळ्याच्या उत्तरार्धात वाढते आणि थंडीपर्यंत रेंगाळते. म्हणजे गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी. माणसं एकमेकांकडे जाण्याचे जे दिवस, तेच याच्याही येण्याचे.

गृहभेटींच्या आधी मी वॉर्डात होते. तिथे मी बघायला शिकले. बाळ दूध ओढता ओढता थांबतं, नाकपुड्या फुलतात, प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली खड्डा पडतो. याला पुस्तकात एक इंग्रजी शब्द होता, तो मी पाठ केला होता. मराठीत काय म्हणतात ते मला एका आईने सांगितलं. बाळाचं झबलं वर करून ती म्हणाली, "सिस्टर, पोट उडतंय हो याचं." ते बाळ राहिलं नाही. शब्द राहिला. त्यानंतर मी बाळ पाहिलं की आधी चेहरा बघत नाही, पोट बघते. लोकांना वाटतं, ही मुलगी बाळाकडे बघून हसत कशी नाही.

माणसं ऐकत नाहीत असं नाही. आपापल्या पद्धतीने ऐकतात. कसबा पेठेत एका निवृत्त गणिताच्या मास्तरांची नात माझ्याकडे होती. पहिल्या दिवशी मी हात धुताना ते म्हणाले, "आपण शस्त्रक्रिया करणार आहात का?" मी नाही म्हटलं. "मग चालू द्या." पुढच्या वेळी गेले तर दारावर बाळाचा मोठा फोटो चिकटवलेला आणि खाली सुवाच्य अक्षरात: 'बाळ असे दिसते. प्रत्यक्ष दर्शन थंडी संपल्यावर. आपण आलात हे बाळाला कळवले जाईल.' मी वाचत उभी राहिले तेव्हा आतून आवाज आला, "अहो, ते तुमच्यासाठी नाही. तुम्ही बेल वाजवा." सगळीच घरं अशी असती तर मला बोलण्याची कधी गरजच पडली नसती.

पुण्याजवळच्या मांजरी गावातलं घर तसं नव्हतं.

मांजरीत आता उसाच्या शेतांच्या मधे मधे उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तशाच एका इमारतीत चौथ्या मजल्यावर स्नेहलचं घर होतं. स्नेहल हडपसरच्या एका आयटी कंपनीत कामाला, नवरा अमोलही तिथेच. सासूबाई मूळच्या मांजरी गावठाणातल्या. त्यांना सगळं गाव आक्का म्हणायचं. स्नेहलची मुलगी बरीच आधी जन्मली होती आणि बरेच दिवस पेटीत राहून गणपतीच्या सुमाराला घरी आली होती.

पहिल्यांदा गेले तेव्हा हॉल बायकांनी भरलेला होता. मी बेसिन विचारलं आणि धुवायला लागले. मागून आक्कांचा आवाज आला.

"सिस्टर, हात धुताय का कपडं?"

हॉल हसला. मी पाठमोरी होते ते बरं झालं. हात वाळवत वळले तर आक्का सोफ्यावर बसून मला न्याहाळत होत्या.

"आडनाव काय म्हनला तुमचं?"

"सिस्टर म्हणा. सगळे तेच म्हणतात."

पुण्यात हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नसतो, आणि कामाच्या वेळात मी त्याचं उत्तर देत नाही. आक्कांच्या ते लक्षात आलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण विसरल्याही नाहीत.

बायका बारशाबद्दल बोलत होत्या. बाळ दवाखान्यात असल्यामुळे बारसं राहून गेलं होतं. आता हॉल ठरला होता, मोबाइलवर पत्रिका गेल्या होत्या, सगळी भावकी येणार होती. मी वजनकाटा घेऊन आतल्या खोलीत गेले. स्नेहलने मागून येऊन दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिली.

"सिस्टर, तुम्ही सांगा ना त्यांना. बारसं नको म्हणून."

"तुम्ही सांगितलंत?"

"मी नाही सांगू शकत." मग एकदम म्हणाली, "हे आमचं दुसरं बाळ आहे. पहिला मुलगा होता. तोही वेळेआधीच झाला होता, इतका नाही, थोडा. बारसं केलं, खूप माणसं होती, सगळ्यांनी घेतला. मग सर्दी झाली. मग दूध पिईना. हॉस्पिटलला निघालो तर रेल्वेचं फाटक बंद. तेव्हा तिथे पूल नव्हता. गाडीतच गेला."

मी काटा शून्यावर आणत होते. तो आधीच शून्यावर होता.

"आक्कांना माहीत आहे ना, कशाने झालं ते?"

"त्यांच्या मांडीवर होता तो," स्नेहल म्हणाली.

त्या दिवशी मी आक्कांशी काही बोलले नाही. माझ्याजवळ वाक्य तयार नव्हतं.

पुढच्या भेटीच्या दिवशी हडपसरच्या सिग्नलला मी ते हेल्मेटमध्ये म्हणून बघितलं. शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे वळून बघायला लागला, म्हणजे आवाज पुरेसा होता. घरात त्या दिवशी आक्का आणि त्यांची मुलगी वैशाली अशा दोघीच हॉलमध्ये होत्या. वैशाली म्हणजे बाळाची आत्या, जी बारशात बाळाच्या कानात नाव सांगते. हात धुतले, वाळवले आणि म्हटलं, "आक्का, बारसं आता नको. थंडी सरल्यावर करा."

"हॉल ठरलाय."

"इतक्या जणींच्या हातात बाळ द्यायचं नाही. कुणालाही साधी सर्दी असली तरी तिला झेपणार नाही."

"सिस्टर, तुमचं लगीन झालंय का?"

"नाही."

"मंग लेकराचं तुमास्नी काय ठावं?"

"आई!" वैशाली म्हणाली.

"तू गप. मी इचारलं त्यास्नी."

मी आत गेले, बाळाला तपासलं. पोट शांत होतं, वजन वाढत होतं. निघताना कुणाकडे न बघता चपला घातल्या. लिफ्टचं दार मिटता मिटता आक्कांनी हात घातला आणि त्या आत आल्या. पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरपाशी आल्यावर त्यांनी सीटवर हात ठेवला, म्हणजे मला जाता येईना.

"बारसं न्हाई केलं तर लोकं काय म्हणत्याल ठावं हाय? म्हणत्याल, पाळना टांगायला भ्यायलेत. मागल्या टायमाला स्नेहलला म्हनलेच, हिच्याच कुशीत कायतरी हाय. तिच्या तोंडावर म्हनले. म्या ठरवलं, पुढलं लेकरू झालं की सगळ्या गावाला बोलवायचं. बगा म्हणायचं. ही आमची लेक, आन ही आमची सून."

एवढं मला सुचलं नव्हतं. मी आक्कांना हट्टी म्हातारी समजत होते.

"आन अजून एक हाय," त्या म्हणाल्या. त्यांची नजर स्कूटरच्या आरशाकडे होती. "त्या बारशाला मला पडसं झालेलं. लई न्हाई, आपलं जरासं. सकाळपास्नं नाक गळत हुतं. पन घरचं कार्य. म्याच पयला उचलला त्याला."

मी घालायला घेतलेलं हेल्मेट खाली घेतलं.

"कुणाकडून आलं ते सांगता येत नाही, आक्का. डॉक्टरांनाही नाही."

"म्हंजी माझ्याकडनं नसंल बी."

"नसेलही."

"आन असंल बी."

याला नाही म्हणणं मला जमलं नाही. मी बऱ्याच आयांशी, बऱ्याच आज्यांशी बोलते, पण धीर द्यायला खोटं बोलायचं कसं ते मला कुणी शिकवलं नाही. आक्कांनी वाट बघितली, मग सीटवरचा हात काढला. मला जाता येत होतं. मी गेले नाही.

"बारशात नक्की काय काय करतात?" मी विचारलं. "मला माहीत नाही."

"तुमच्यात न्हाई?"

"आमच्याकडे बुद्धवंदना होते. मग नाव सांगतात. पाळणा नसतो."

आक्कांनी माझ्याकडे नीट बघितलं. आडनावाच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं होतं. मी बॅगेचा पट्टा घट्ट धरला. पुढे काय येतं ते ऐकायची मला सवय आहे.

"मंग चला वर," त्या म्हणाल्या. "दावते."

आम्ही परत चौथ्या मजल्यावर गेलो. आक्कांनी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला. पाट्यावर चटणी वाटायचा काळा दगड. मिक्सर आल्यापासून तो ओट्याखाली पडून असावा. त्यांनी तो पुसला, टॉवेलमध्ये गुंडाळला आणि छोटं टोपडं त्याच्या टोकावर चढवलं. क्षणभर खरंच तो कुणीतरी वाटला. पाळण्याच्या एका बाजूला आक्का, दुसऱ्या बाजूला वैशाली उभी राहिली.

"पयलं ह्याला फिरवायचं. पाळन्याखालनं एकीनं द्यायचा, दुसरीनं घ्यायचा. मंग पाळन्यावरनं. घ्या म्हनत द्यायचं. ह्याचं झालं की मंग बाळाला तसंच."

"वरवंटा आधी कशासाठी?"

"लेकरू वरवंट्यागत धट्टंकट्टं व्हावं म्हनून. आन कुनाची नजर लागायची असंल तर ती ह्याला लागावी, लेकराला नगं."

"म्हणजे सगळ्यांची नजर याच्यावर जाते?"

"व्हय."

"आणि पडसं?"

वैशाली हसायला लागली आणि हसता हसता थांबली. आक्का हातातल्या टोपडं घातलेल्या दगडाकडे बघत राहिल्या. आतल्या खोलीच्या दारात स्नेहल येऊन उभी होती. ती कधी आली ते मला कळलं नव्हतं.

"तुमी बोलत न्हाई," आक्का शेवटी मला म्हणाल्या, "म्हनून म्या भोळ्या समजत हुते."

मग त्या कामाला लागल्या. बंद हॉल रद्द झाला. बारसं इमारतीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये ठरलं. बाळ आणि स्नेहल वर राहणार, गॅलरीतून बघणार. खाली पाळणा टांगायचा, वरवंटा फिरवायचा, आणि नावही त्यालाच सांगायचं. भावकीला काय सांगायचं असं अमोलने विचारलं तेव्हा आक्का म्हणाल्या, "सांग, आमच्यात आता असंच करत्यात. कवापास्नं म्हनून इचारलं तर म्हन, आजपास्नं."

मला बोलावणं होतं. कामाच्या घरी कार्याला जायचं नाही असा माझा नियम आहे, पण मी जायचं ठरवलं. त्या दिवशी सकाळी मी घरून निघायच्या बेतात असताना फोन आला.

"सिस्टर." आक्कांचा आवाज नाकातून येत होता.

"आक्का, कधीपासून?"

"रातीपास्नं. शिंका यायला लागल्या तसं तोंडाला पदर बांधला आन खाली उतरले. गावठाणातल्या घरी हाय. लेकराच्या खोलीत काल दिसभर गेले नव्हते, बाहेरच्या तयारीत हुते. काय करू ते सांगू नगा. ठावं हाय मला. नुसतं तुमास्नी सांगावं वाटलं."

बाळाला दूध नीट जातंय का, श्वास कसा आहे, ते स्नेहलला फोनवर विचारलं. सगळं ठीक होतं. कुठल्या वेळी कशाकडे बघायचं ते तिला पुन्हा सांगितलं आणि निघाले.

पार्किंगमध्ये झेंडूच्या माळा होत्या, मधोमध पाळणा होता, घुगऱ्यांचं पातेलं होतं. आक्का तिथे नव्हत्या. त्या इमारतीच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, नवी नऊवारी नेसून, तोंडावर पदर बांधून प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. घरच्या कार्याला घरची मोठी बाई फाटकाबाहेर. आत येणाऱ्या प्रत्येकीकडे त्या लांबूनच बघत होत्या.

"यसे, खोकला कवापास्नं हाय?"

"कुटं हाय? आपला असाच घसा…"

"घुगऱ्या पाठवते घरला. जा."

"आगं आक्का, तुला बी हाय की!"

"म्हनून तर हितं बसलेय. खुर्ची देऊ का तुला बी?"

यशोदाबाई तोंडातल्या तोंडात पुटपुटत गेल्या. अजून एक-दोघी रुसून गेल्या. आक्कांनी कुणालाही थांबवलं नाही.

मग पाळण्याभोवती बायका जमल्या आणि वरवंटा निघाला. झबलं, टोपडं, गळ्यात काळ्या मण्यांची माळ. "घ्या." पाळण्याखालून या हातातून त्या हातात. "घ्या." कुणीतरी खोकलं, कुणीतरी टोपड्यावरून हात फिरवून त्याची दृष्ट काढली, एका पोरीने त्याचा मुकाही घेतला. मी एका खांबाला टेकून उभी होते. एवढ्या हातांमधून एवढ्या निश्चिंतपणे काही जाताना मी या कामात कधी पाहिलं नव्हतं.

वैशालीने त्याला हातात घेतलं आणि अडली. "आई, कान कुठला?"

"कुटला बी धर," फाटकाबाहेरून आवाज आला. "दोनी टोकं सारकीच हायत."

वैशाली वाकली. "कुर्रर्र… ओवी." बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. हशा झाला. मी वर बघितलं. गॅलरीत स्नेहल दुपट्यातलं बाळ छातीशी धरून उभी होती. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. तिने दुपटं थोडं उचलून फाटकाच्या दिशेने वळवलं.

आक्का खुर्चीतून उठल्या. रस्ता, पार्किंग आणि चार मजले, एवढं अंतर होतं. एवढ्या लांबून सर्दी लागत नाही हे त्यांना मी सांगितलं होतं. तरी त्यांनी तोंडावरच्या पदरावर वरून आणखी एक हात दाबून धरला, आणि तसंच वर बघत उभ्या राहिल्या.

त्या हंगामात माझी सगळी बाळं सर्दीवाचून राहिली असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. एका घरात सगळं काही पाळलं होतं, तरी बालवाडीत जाणाऱ्या मोठ्या भावाने सर्दी आणली. घरचे त्याचं नाक पुसत होते तोवर धाकट्याचं पोट उडायला लागलं होतं. त्याला ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. नशिबाने बाळ घरी आलं. त्याच्या आईने मला विचारलं, "आमचं काय चुकलं?" काहीच नाही, असं मी म्हटलं, आणि ते खरं होतं. आपण दार लावतो, फटी राहतातच. फटी राहतात म्हणून दार लावायचं सोडता येत नाही, एवढंच मला या कामातून कळलं आहे. ते मी कुणाला ऐकवत नाही. दुखऱ्या माणसाला ते रुक्ष वाटतं.

आक्कांचं पडसं उतरलं, खोकला रेंगाळला. त्या गावठाणातच राहिल्या. खोकला पूर्ण थांबला की मग अजून थोडे दिवस जाऊ द्या, असं मी म्हटलं होतं. त्यांनी माझ्यापेक्षा जास्त जाऊ दिले. रोज संध्याकाळी फाटकापर्यंत यायच्या, वर बघायच्या आणि परत जायच्या. वरवंटा परत ओट्याखाली गेला नाही, त्याला टोपड्यासकट देव्हाऱ्याशेजारी ठेवलं, असं स्नेहलने सांगितलं. अमोल त्याला थोरली म्हणायचा. पहिल्या मुलाचं नाव घरात कुणी घेत नसे; त्या दिवसांत एकदा स्नेहलने ते माझ्यासमोर सहज घेतलं. मी ते इथे लिहीत नाही.

दिवाळीच्या जरा आधी मी गेले तेव्हा दारात आक्कांच्या चपला होत्या. मी बेसिनकडे वळले तर बेसिन मोकळं नव्हतं. आक्का धूत होत्या. बांगड्या काढून कट्ट्यावर ठेवलेल्या. बोटांच्या मधे, नखांच्या खाली, मनगटाभोवती, कोपरापर्यंत, आणि परत पहिल्यापासून. मी मागे रांगेत उभी राहिले. आतून स्नेहल म्हणाली, "आई, हात धुताय का कपडं?"

आक्का हसल्या नाहीत. त्यांना ऐकूच गेलं नसावं. नळ बंद करून त्या ओले हात वर धरून वळल्या आणि पाळण्यापाशी येऊन थांबल्या. कोपरावरून पाणी फरशीवर ठिबकत होतं. मग ठिबकायचं थांबलं. हात वाळले, तरी त्या तशाच उभ्या.

ओवी जागी होती. मी नेहमीप्रमाणे चेहऱ्याकडे बघायच्या आधी पोट बघितलं. दुपट्याची कड संथ वर जात होती, संथ खाली येत होती. घाई नाही, अडखळणं नाही.

"सिस्टर," आक्का म्हणाल्या. "घेऊ?"

"घ्या."

त्या हलल्या नाहीत.

"परत एकदा म्हना."

"घ्या, आक्का," मी म्हटलं. "घ्या."